दोन पंखांमधल्या तारा

कवळी घ्यायला इतका तरुण माणूस आलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

सकाळपासून पाऊस नुसती रिपरिप करत होता. धड कोसळतही नव्हता, थांबतही नव्हता. दातांच्या दवाखान्यामागचा जिना चढून आलं की डाव्या हाताची पहिली खोली, ती आमची लॅब. आमची म्हणजे माझीच, कारण तिथे मी एकटी काम करते. डॉक्टर खालून ठसे पाठवतात, मी त्यावरून दात बनवते. पेशंट सहसा वर येत नाहीत. आपलं हसू कुणीतरी कानशीने घासतंय हे कुणाला बघवत नाही.

तो मात्र आला. दाराबाहेर छत्री टेकवली, ती घसरून खडखडत जिन्यावरून खाली गेली. ती आणायला जावं की आधी आत यावं, अशा पेचात तो उंबऱ्यावरच उभा राहिला.

"आईची कवळी," तो म्हणाला. "वर तयार आहे म्हणाले."

"त्यांना आणायला हवं होतं हो. एकदा बसवून बघावी लागते. टोचली तर मी लगेच घासून देते."

"नाही टोचणार." त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. "आई गेली... मागच्या महिन्यात. खाली बोललो नाही मी. बोललो असतो तर दिली नसती त्यांनी."

अशा वेळी लोक काय काय म्हणतात ते मला पाठ होतं. माझी आई गेली तेव्हा सगळं ऐकून झालं होतं. म्हणून मी सरळ कपाटातून डबी काढून त्याच्यासमोर ठेवली.

त्याने झाकण उघडलं आणि तो बघतच राहिला.

"ही फट—"

"त्यांनीच निरोप पाठवला होता. पुढच्या दोन दातांत फट ठेवा, नाहीतर आरशात दुसरीच बाई दिसेल म्हणाल्या."

तो हसला. आणि हसला तेव्हा मला दिसलं, तीच फट त्याच्याही दातांत होती. तेवढ्याच रुंदीची, तशीच किंचित डावीकडे कललेली. मग ते हसू मधेच कुठेतरी मोडलं, आणि तो घाईघाईने खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी उगाचच मेण वितळवायला घेतलं.

मेण पातळ झालं. खिडकीजवळूनच त्याने विचारलं, "हे कुणाचे दात?"

खिडकीच्या कट्ट्यावर मी लाकडाच्या पातळ पातळ फासळ्या वाळत घातल्या होत्या. माशाच्या काट्यासारख्या, ओळीने.

"दात नाहीत. विमानाचा पंख आहे तो."

"दातांच्या लॅबमध्ये विमान?"

"जेवणाच्या सुट्टीत करते. डॉक्टरांना सांगू नका."

"तुम्ही माझं सांगू नका, मी तुमचं सांगत नाही," तो म्हणाला. डोळे लाल होते, पण आवाज जरा हलका झाला होता. डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून तो गेला. छत्री जिन्यावरच राहिली.

छत्री न्यायला तो दुसऱ्या दिवशी आला. आणि ती पुन्हा विसरून गेला. असं दोनदा झाल्यावर मी ती कपाटामागे लपवली. म्हटलं, बघू तरी आता काय करतो.

"माझी छत्री...?" तो आला आणि इकडेतिकडे बघू लागला.

"दिसत नाही बाई कुठे."

"अरेरे. मग शोधायला यावं लागणार रोज."

माझे गाल तापले. बरं होतं, तोंडावर धुळीसाठी बांधलेली पट्टी होती.

तो पियानोचे सूर लावायचं काम करायचा. शाळांत, सभागृहांत, लोकांच्या घरी जाऊन. मी विचारलं, म्हणजे तुम्ही छान वाजवत असाल. तर म्हणाला, "छे हो. वाजवणारे वाजवतात. मी नुसता कान देतो."

"मग माझं बोलणं सुरात आहे की नाही ते ठरवून झालं असेल."

"अजून नाही. ऐकतोय."

मी त्याला 'सूरवाले' म्हणायला लागले आणि तो मला 'दातवाल्या बाई'. आणि फासळ्या घासता घासता मी त्याला बाबांची गोष्ट सांगितली.

बाबा विमानतळावर मेकॅनिक होते. विमानतळ म्हणजे काय, गवताचं मैदान, एक पत्र्याची शेड आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी एक फाटकी पिशवी. तिथे टपाल वाहून नेणारं एक जुनं विमान होतं. एकावर एक दोन पंख, मधे लाकडी खांब आणि तारांची जाळी, वैमानिकाच्या डोक्यावर छप्परसुद्धा नाही. बाबांनी नोकरीची सगळी वर्षं त्या एका विमानात घातली. पुढे ते मोडीत निघालं. बाबा निवृत्त झाल्यावर म्हणाले, मी त्याचं मॉडेल करणार. खोक्यात सुटे भाग मिळतात तसलं नाही... एकेक फासळी, एकेक खिळा स्वतःच्या हाताने, सोळाव्या हिश्शाच्या मापाने. आराखडा कुठेच नव्हता. थोडे फोटो होते, तेही त्या विमानाच्या जुन्या कॅप्टननी पाठवलेले, आणि बाकी सगळं बाबांच्या डोक्यात होतं.

नाकाडाचा सांगाडा तेवढा झाला आणि बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली. आणि शब्द... शब्द गेले नाहीत, नुसते एकमेकांत मिसळले. पक्कड हवी असेल तर 'बशी' म्हणायचे. पाणी हवं असेल तर 'मोजे'. मला ते 'घड्याळ' म्हणायचे, मी सारखी घाईत असायचे म्हणून असेल. चुकीचा शब्द बाहेर पडला की त्यांना कळायचं. ते डोळे मिटून घ्यायचे, आणि मला ते डोळे बघवायचे नाहीत.

"म्हणून उरलेलं मी करते," मी सांगितलं. "इंजिनाचे भाग दातांच्या साच्यात ओतले. समोरची काच कवळीच्या प्लास्टिकची आहे. तारा ब्रेसेसच्या. आणि अरुंद जबडा रुंद करायच्या पट्टीत एक बारीक स्क्रू असतो बघा, किल्लीने फिरवायचा, तो प्रत्येक तारेच्या मुळाशी पंखात लपवलाय. ताण कमीजास्त करता यावा म्हणून."

"मग अडलंय कुठे?"

"ताणातच अडलंय. एक तार ओढली की पंख पिळवटतो, दुसरी ओढली की तिसरी सैल पडते."

त्याने एक फासळी उचलून उजेडात धरली. मग इतक्या साधेपणाने म्हणाला, की मला नाही म्हणायला सुचलंच नाही. "रविवारी मोकळा असतो मी."

रविवारी आमच्या घरात मावशी विणत बसली होती. आईची धाकटी बहीण ती. मी कामावर असले की बाबांजवळ तीच थांबायची, म्हणजे सुयांवर टाके घालायची आणि दोन ओळी झाल्या की पेंगायची. जेवायच्या टेबलावर विमान होतं आणि टेबलाशी बाबांची चाकांची खुर्ची. आम्ही कित्येक महिने ताटं मांडीवर घेऊनच जेवत होतो.

बाबांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"टेबल," ते म्हणाले.

"टेबलावर बसायला सांगतायत की काय?" मावशी दचकली.

"नाही गं. ते ह्यांनाच टेबल म्हणतायत."

"चालेल की," तो हात पुसत म्हणाला. "खुर्ची म्हटलं असतं तर लोक येऊन बसले असते."

बाबांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. झटका आल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

त्याने कुठलंही हत्यार काढलं नाही. वाकून तारेला नखाने नुसतं छेडलं. इतका बारीक आवाज की खिडकीवरच्या पावसात हरवून जावा. पुन्हा छेडलं, कान जवळ नेला, डोळे मिटले. मग तिच्या जोडीची पलीकडची तार. "ही उतरलेली आहे. किल्ली द्या... अर्धा फेरा. बास." पुन्हा नख. आता दोन्ही तारांचा आवाज एक झाला होता. बाबांनी डावा हात पुढे केला आणि दोन पंखांमधल्या खांबावर बोटाचं टोक टेकवलं. त्यांना बोटातून कळत होतं. त्यांनी मान डोलावली, आणि मग एका तारेकडे बोट करून 'आणखी' अशी खूण केली. तो म्हणाला, मग ती जोडीला जुळणार नाही. बाबा हट्टाने तेच दाखवत राहिले. डावीकडची, आणखी घट्ट.

मग माझ्या लक्षात आलं. "अहो, ते विमान डावीकडे झुकायचं. बाबा सांगायचे. म्हणून ती तार मुद्दाम जास्त ताणलेली असायची."

"मग तसंच करू," तो म्हणाला. "ह्यांना जे ऐकू येतंय ते मला कुठून येणार?"

त्याने पंख दोन्ही हातांनी धरला. मी खालून किल्ली फिरवत होते. आमची डोकी इतकी जवळ आली होती की त्याच्या कोटाला पावसाचा ओलसर वास येतोय हे मला कळत होतं, आणि आपल्या केसांना प्लास्टरचा वास येत असेल म्हणून मी श्वास रोखून धरला होता.

"हलू नकोस," तो पुटपुटला. "तू जरा—"

मग तो थांबला. मीही थांबले. 'तू' टेबलावर कुठेतरी पडून राहिला. कुणी उचलला नाही, कुणी परतही केला नाही.

मावशीच्या सुया तेवढ्या वाजायच्या थांबल्या होत्या.

पुढच्या रविवारी बघतो तर एक तार सैल. आधी नीट लावलेली. मी चिडले. डिंक नीट धरला नसेल, स्क्रूच कुचकामी असतील, माझ्याच हाताला वळण नाही! तो म्हणाला, "लाकूड ओल धरतं पावसात. लावू पुन्हा." त्याच्या पुढच्या रविवारी दुसरीच तार. मग तिसरी. असा आमचा पावसाळा गेला. एकीकडे शेपटीचं काम, चाकं, वैमानिकाची चिमुकली वेताची खुर्ची, आणि दुसरीकडे दर रविवारी एक तार. तो यायचा, बाबांना 'काय म्हणता' विचारायचा, बाबा 'टेबल' म्हणायचे आणि तो 'हजर' म्हणायचा. घरात पुन्हा आवाज यायला लागले होते. मला त्याचं सुख व्हायचं आणि त्याच क्षणी भीतीही वाटायची.

कारण माझं एकदा ठरलं होतं. साखरपुड्याची तारीखही काढली होती. तेवढ्यात बाबांना झटका आला. तो मुलगा वाईट नव्हता. म्हणाला, मी थांबतो. थांबलाही. मग हळूहळू त्याच्या बोलण्यात सुस्कारे यायला लागले, आणि एक दिवस मीच त्याला मोकळं केलं. हे मी सूरवाल्याला सांगितलं, एका रविवारी, त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा.

"मला थांबणाऱ्या माणसांची धास्ती वाटते," मी म्हटलं. "आधीच सांगून ठेवते."

"मी कुठे थांबलोय?" तो म्हणाला. "मी तर दर रविवारी येतोय."

मला हसू आलं, आणि रडूही. तो जिना उतरून गेला तरी मी कठडा धरून उभी होते.

एके दिवशी दुपारी लॅबमधली वीज गेली. मशीन बंद, काम बंद. मी लवकर घरी आले. मावशी खुर्चीत मान टाकून झोपली होती, लोकरीचा गुंडा पार स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. आणि बाबा टेबलावर वाकले होते. डाव्या हातात ती इवलीशी किल्ली. जीभ ओठांत धरलेली. ते तार सैल करत होते.

"बाबा!"

किल्ली हातातून पडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा... साखरेच्या डब्यात हात घातलेल्या पोराचा झाला. मी इतकी संतापले होते. इतके रविवार मी स्वतःच्या हातांना बोल लावला होता!

"का, बाबा? का केलंत?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. "टेबल," ते म्हणाले. मग तेच बोट माझ्याकडे वळवलं. "घड्याळ." पुढचं वाक्य त्यांना जुळवता येईना. ओठ हलत राहिले, डोळे भरून आले. पुन्हा दार, पुन्हा मी. "टेबल... घड्याळ."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या डाव्या हाताने ते कितीतरी वेळ माझे केस थोपटत होते, जरा जोरातच, इंजिन थोपटावं तसे.

संध्याकाळी मी सूरवाल्याच्या कारखान्यात गेले. एका मोठ्या गोदामाचा कोपरा होता तो. पोट उघडून ठेवलेले पियानो, दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याचे तुकडे, लाकडी हातोड्यांच्या रांगा. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला बघून तो उठला, आणि माझा चेहरा बघून जागच्या जागी राहिला.

"बाबांना काही—?"

"बाबा बरे आहेत. मी माफी मागायला आलेय." वाटेत जुळवलेलं सगळं मी एका दमात बोलले. "तारा आपोआप सैल होत नव्हत्या. बाबा करायचे. तुम्ही येत राहावं म्हणून. तुमचे इतके रविवार फुकट गेले. मला खरंच माहीत नव्हतं. आता येऊ नका. काम संपलंय."

त्याने हातातला हातोडा खाली ठेवला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"ओलीने उतरल्या असत्या तर सगळ्या थोड्या थोड्या उतरल्या असत्या. दर आठवड्याला एकच तार, तीही बरोब्बर एक फेरा? माझं पोट ह्याच्यावर चालतं हो."

"मग बोलला का नाहीत?"

पत्र्यावरचा पाऊस अचानक फार मोठ्याने वाजतोय असं वाटायला लागलं.

"बाबांचं आणि माझं मागणं एकच होतं म्हणून," तो हळूच म्हणाला. "ते बिचारे एका हाताने धडपडत होते. मी दोन्ही हात असून नुसता गप्प बसलो होतो, एवढाच फरक."

मी नमद्याच्या ढिगाऱ्यावर बसले.

"मी ते घर सोडून येऊ शकत नाही," मी म्हटलं.

"मी कुठे या म्हणतोय? मी येतो म्हणतोय. आई गेल्यापासून मला घरी कुणी हाक मारत नाही. तिथे निदान टेबल तरी म्हणतात."

हसता हसता मला हुंदका आला. त्याने हात पुढे केला, पण माझ्या हातापर्यंत न आणता तिथेच नमद्यावर ठेवला. मी सांगितलं, मला विचार करू द्या. तो म्हणाला, करा.

पण विचार करायला वेळच मिळाला नाही. त्याच आठवड्यात बाबांना दुसरा झटका आला.

ह्या वेळी शब्द सगळेच गेले, चुकीचेसुद्धा. दवाखान्याच्या त्या हिरवट भिंतींच्या खोलीत मी एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला बसायचो. मावशी पायाशी. तो बाबांचा डावा हात हातात धरून त्यांना विमानाबद्दल सांगायचा. शेपटीला कापड लावायचं राहिलंय, डावी तार जशी सांगितलीत तशीच ठेवलीय. बाबा ऐकत होते की नाही देव जाणे. एका दुपारी परिचारिका खिडकी लावायला आली, तिने बाबांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. बाहेर रोजच्यासारखाच पाऊस होता. बाबा गेले होते.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. घरातली चाकांची खुर्ची कुठे ठेवावी तेच कळत नव्हतं. ती जिथे ठेवू तिथे बाबा नसायचे. सूरवाले यायचे, भाजी चिरून द्यायचे, मावशीला औषधं आणून द्यायचे, आणि विचारलेल्या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. त्या न बोलण्याचंच मला ओझं व्हायला लागलं. बाबा होते तेव्हा 'नाही' म्हणायला ते कारण होते. ते गेले, आणि आता 'हो' म्हणायलाही तेच कारण झाले असते. म्हणजे मी काय, बाबांच्या जाण्याची वाट बघत होते? लोक म्हणोत न म्हणोत, माझं मन मला हेच विचारायचं.

"तुम्ही येऊ नका आता," एका रविवारी मी म्हटलं. "माझ्याच्याने होणार नाही."

त्याने चिरत असलेली भाजी पूर्ण चिरली. सुरी धुतली. "बरं," म्हणाला, आणि गेला.

तो खरंच आला नाही. पावसाळा सरला, थंडी आली. धुक्याने खिडकीबाहेरची गल्ली पुसून टाकली. मी रोज लॅबमधून यायचे आणि विमानासमोर बसायचे. शेपटीचं कापड लावलं. पंखांवर रोगणाचे हात दिले. बाजूला टपालाची अक्षरं रंगवली, फोटोत होती तशी जरा वाकडीच. हातांना काम होतं तोवर बरं होतं. मग तेही संपलं.

मावशी एवढे दिवस काही बोलली नव्हती. त्या संध्याकाळी ती सुया मांडीवर ठेवून म्हणाली, "झालं ना विमान?"

"झालं."

"आता काय करणार?"

मी खांदे उडवले.

"तुझ्या बापाचा एक हात चालत होता," मावशी म्हणाली. "त्या एका हाताने तो तुझ्यासाठी झटला. तुझे दोन्ही चालतात ना? मग घडी घालून कशाला बसलीयेस?"

आणि पुन्हा सुया चालवायला लागली, जशी काही हवापाण्याची गोष्ट केली होती.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कॅप्टनना फोन केला. फोटो पाठवणारे ते. त्यांची नजर आता अधू झाली होती. मैदानावरची शेड त्या महिन्याअखेर पाडणार होते. त्याआधी विमान एकदा तिथे बघता आलं तर... ते म्हणाले. मी म्हटलं, आणते.

मग मी गोदामात गेले. तो एका पियानोच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"एक नाजूक वस्तू न्यायचीय," मी त्या पियानोला सांगितलं. "बसमध्ये मावणार नाही. धरायला माणूस हवा."

त्याने डोकं बाहेर काढलं नाही.

"किती नाजूक?" त्याने विचारलं.

"फार."

पियानो वाहून न्यायच्या गाडीत त्याने जाड गोधड्या अंथरल्या. त्यावर विमान, आणि विमानाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं, पंखांना हात लावून. ड्रायव्हर पुढे. सगळ्या वाटेवर आम्ही चार वाक्यंही बोललो नसू. बारीक झालायत, असं मी म्हटलं. तुम्हीही, असं तो म्हणाला. खड्डा आला की दोघांचेही हात एकदम घट्ट व्हायचे.

मैदानावर धुकं होतं. गवत ओलं, शेडचे अर्धे पत्रे निघालेले. कॅप्टन काठी टेकत बाहेर आले, उंच, वाकलेले. आम्ही विमान एका लाकडी बाकावर ठेवलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, त्याचा उपयोग नव्हता, आणि बोटांनी बघायला लागले. नाक, पंखा, काच, मग मागची उघडी बैठक. तिथे त्यांची बोटं थांबली.

"इथे बसायचो मी," ते म्हणाले. "तुझा बाप ह्याच्यात एकदाही बसला नाही, माहितेय का तुला?"

"नाही... बाबा कधी उडलेच नाहीत?"

"कित्येकदा बोलावलं. म्हणायचा, कॅप्टन, ह्याच्या आत काय काय आहे ते मला ठाऊक आहे, म्हणूनच मी बसत नाही!" ते खोकत खोकत हसले. "पण मी परत येईपर्यंत गवतात उभा असायचा. पाऊस असो, काही असो. वरून आधी तो दिसायचा, मग मैदान."

मला ते दिसलं. ओल्या गवतात, मान वर करून उभे असलेले बाबा, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मी ओठ दाबून धरले, तरी डोळे वाहायला लागले, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मी ते पुसले नाहीत. शेजारून एक रुमाल पुढे आला. घडी घातलेला, लाकडाच्या भुशाचा वास येणारा.

त्या हालचालीने कॅप्टननी मान वळवली. धुक्यात त्यांना नुसती एक आकृती दिसली असावी.

"आणि हे कोण? तुझ्याबरोबर आलेत ते?"

तो नेहमीच्या सवयीने मागे सरकला. आता तो म्हणणार होता, मी सामान धरायला आलोय. त्याने तोंड उघडलंही होतं.

"हे माझे..." मी म्हटलं.

आणि पुढचा शब्द मला सापडेना. मित्र म्हणावं तर खोटं होतं. दुसरा शब्द म्हणायचा अधिकार मी स्वतःच घालवला होता. मी तशीच उभी राहिले, रुमाल मुठीत धरून. कॅप्टन कान देऊन वाट बघत होते. तोही बघत होता.

"तुझे कोण, पोरी?" कॅप्टननी विचारलं.

"कोण नाही," मी म्हटलं. "पुढे काही नाही. एवढंच. हे माझे."

कॅप्टन 'असं होय' म्हणाले आणि मोठ्या समजूतदारपणे पुन्हा विमानाकडे वळले.

तो जवळ येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याची बाही माझ्या बाहीला लागली. मी त्याचा हात धरला. थंडीने गार पडलेला, नखं बारीक कापलेली, बोटांच्या टोकांना घट्टे. समोर धुकं होतं तसंच होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"पुन्हा म्हण ना," तो अगदी हळू म्हणाला.

"काय?"

"तेच. नीट ऐकू आलं नाही मला."

"खोटारडा," मी म्हटलं, आणि पुन्हा म्हटलं.